गरहाना शब्दाची चौकशी

जतिरेजो, क्लातेन
८ एप्रिल १९८३

कांग दर्सोनो,

थोरल्या भावाला धाकट्या बहिणीचा सलाम. तुमचं पत्र परवा शाळेत आलं. शिपायाने ते मुख्याध्यापकांच्या समोरच माझ्या हातात दिलं आणि मलेशियाचं तिकीट बघून सगळ्या शिक्षकांच्या माना वळल्या. दोन वर्षांनी तुमचं अक्षर पाहिलं. अजून तसंच आहे, ओळ संपता संपता वर चढणारं.

तुम्ही लिहिता, की इपोहच्या शाळेतल्या मुलांसाठी विज्ञानातल्या शब्दांचं लहानसं पुस्तक निघतंय, एकेका शब्दाला एकेक पान, आणि 'गरहाना' हा शब्द तुमच्या वाट्याला आलाय. तो कुठून आला, त्याचे अर्थ कायकाय, आपल्याकडचे लोक काय म्हणतात, काय करतात, ते मी कळवावं. जूनमध्ये सूर्याचं खग्रास ग्रहण आपल्या घराच्या कौलांवरून जाणार, म्हणून तुम्हाला माझी आठवण झाली. आभारी आहे. ग्रहण नसतं तर आणखी दोन वर्षं गेली असती.

हे टोमण्याने लिहिलेलं नाही, खरंच आभारी आहे. मी आज फळ्यासमोर उभी राहून पोरांना पृथ्वी कशी फिरते ते सांगते, ती तुमच्यामुळे. मला बघायला माणसं आली होती तेव्हा तुम्ही त्यांना तळलेलं तेम्पे आणि चहा देऊन, गोड बोलून, वाटेला लावलंत, आणि दुसऱ्या दिवशी मला सायकलच्या दांडीवर बसवून क्लातेनच्या शाळेत नेऊन घातलंत. दांडी बोचत होती म्हणून मी रडत होते आणि तुम्ही म्हणत होता, की नवऱ्याचं घर याहून जास्त बोचेल. नवरा चांगला मिळाला, पण ते वेगळं.

आता तुमचं काम. मी क्लातेनला जाऊन अध्यापक शाळेचं ग्रंथालय पालथं घातलं. शब्द मूळचा संस्कृत, 'ग्रहण'. धरणं, पकडणं. व्यापाऱ्यांच्या गलबतांतून आपल्या बेटांवर उतरला तेव्हा इथे ना डच होते ना अरब. मलय लोकांनी त्याचं 'गरहाना' केलं, आपण जावावाल्यांनी सवयीप्रमाणे गोल तोंड करून 'ग्रहोनो' केलं. पुढे आपण मुसलमान झालो, पण चंद्रसूर्याला गिळणारा राहू काही जहाजात बसून परत गेला नाही. त्या भारत देशात म्हणे अजून हाच शब्द चालतो, आणि तिथेही ग्रहणात गरोदर बायकांना घरात कोंडतात. म्हणजे शब्दाबरोबर आमच्या मागची कटकटही त्याच गलबतातून आली.

मशिदीतले मोदिन अरबी शब्द वापरतात. वर्तमानपत्र 'गरहाना' लिहितं. आणि शेतात विचाराल तर यातलं कुणी काहीच म्हणत नाही. 'आज चंद्राला गिळलं,' एवढंच म्हणतात आणि मुसळ शोधायला धावतात. राहूचं मुंडकं उडालं, धड जमिनीवर पडलं आणि त्याचं भात कांडायचं उखळ झालं, म्हणून उखळ बडवलं की वर त्याच्या पोटात कळ येते आणि तो गिळलेलं ओकतो. हे तुम्हाला मी काय सांगायचं, पण पुस्तकात मुलांसाठी जरूर घाला. बाकीच्या पानांवर हसायला काही नसेल.

एक अर्थ तुम्ही विचारला नाहीत. मीही लिहिणार नव्हते, पण चौकशी करायची तर पुरी करावी. आपल्या गावात गरहाना हे एका माणसाचं नावही होतं. डाव्या कपाळापासून हनुवटीपर्यंत जांभळा डाग घेऊन जन्मलेल्या मुलाला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारली नाही. तुमचं खरं नाव फक्त हजेरीत होतं आणि आईच्या तोंडी.

आई बरी आहे. चढावर दम लागतो, तरी चढतेच. पत्र कुणाचं म्हणाली. मी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, हात थांबला नाही. निवडून झाल्यावर म्हणाली, "जेवतो का तिकडे नीट?"

या लेबारानला, ईदला, या, कांग. तिने तोंडाने सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. पण दरवर्षी ईदच्या सकाळी पोरं, नातवंडं तिच्या पायाशी वाकून माफी मागतात ना, तेव्हा ती सगळ्यांच्या डोक्यांवरून दाराकडे बघत असते. मला ते आता बघवत नाही.

तुमची
मार्सियाती


२२ मे १९८३

कांग,

तुमचं उत्तर लवकर आलं, त्याबद्दलही आभार. भेगांवर लावायची ती मलमाची डबी आईला दिली. ती म्हणाली, वास फारच साहेबी आहे. रोज लावते.

पण पत्राचा शेवटचा परिच्छेद वाचून मी बराच वेळ शाळेच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही लिहिता, की येईन. फक्त आईने एकदा म्हणावं, की पोटुशी असताना ग्रहण बघायला बाहेर गेले ती चूक झाली. एवढंच. पत्रातून कळवलं तरी चालेल.

तुम्ही रागावून गेलात तेव्हा मी त्याच घरात होते, सगळं ऐकलेलं आहे. डेलांग्गूच्या त्या मुलीच्या बापाने तुमचा चेहरा बघितला, गावातलं नाव ऐकलं, आणि बोलणी मोडली. तुम्ही घरी येऊन आईला विचारलंत, तू ग्रहणात बाहेर गेली होतीस का? ती म्हणाली, गेले होते. तुम्ही म्हणालात, लोक म्हणतात बघायला गेलीस, हौस म्हणून. ती म्हणाली, लोक म्हणतात तसं. त्याच महिन्यात मलेशियाला शिक्षक हवेत म्हणून सरकारने यादी काढली आणि तुम्ही नाव घातलंत. त्याला आता बारा वर्षं होतील.

मी तुमचीच विद्यार्थिनी, तेव्हा उलटून बोलते. सावली पडल्याने कुणाच्या गालावर डाग पडत नाही, हे मला तुम्हीच दिवा आणि संत्रं घेऊन शिकवलंत. मग राग कशाचा? सावलीने काही होत नाही असं शिकवायचं आणि सावलीत गेल्याबद्दल आईशी अबोला धरायचा, हे कुठल्या पुस्तकात बसतं?

मला उत्तर माहीत आहे, तुम्ही लिहायची गरज नाही. डाग तिने दिला म्हणून राग नाही. तुमच्यापेक्षा तिला तो चंद्र मोठा वाटला, याचा राग आहे.

तरीही मी तुमचं काम केलं. परवा ती भाताला आधण ठेवत होती तेव्हा विचारलं. म्हटलं, आई, दोन शब्द म्हण, पोरगा घरी येईल. तिने चुलीत फाटा सारला.

"नाही म्हणणार."

"अगं, खोटंच म्हण. तुझं काय जातं?"

"चुकले असं वाटलं असतं तर त्याच्या पाळण्याशीच म्हटलं असतं. इपोहपर्यंत थांबले नसते."

मग मला म्हणाली, की तुझी शाळा शाळेत ठेव, इथे चूल आहे. मी तशीच उठले. अशी बाई आहे ही. तुम्ही तिच्यावर गेलात, मी बाबांवर गेले, म्हणून मध्ये पडून मार खाते.

शब्दाबद्दल थोडं. दोन्ही देशांनी स्पेलिंग एक केल्यापासून तुमचा आणि आमचा 'गरहाना' अक्षराअक्षराने सारखा झाला आहे. सूर्याला दोन्हीकडे 'माताहारी' म्हणतात, दिवसाचा डोळा. मुलांना विचारा, डोळ्याला धरलं, पकडलं, म्हणजे काय झालं? माझ्या वर्गातल्या एकीने सांगितलं, "बाई, म्हणजे दिवसाला डुलकी लागली." मला तुमच्या सगळ्या व्याख्यांपेक्षा हे बरं वाटलं.

मार्सियाती


४ जून १९८३

कांग,

घाईत लिहिते. इथे सगळ्यांचं डोकं फिरलंय. रेडिओवर दिवसरात्र एकच, अकरा तारखेला बाहेर पडू नका, वर बघाल तर आंधळे व्हाल, पाण्यातलं प्रतिबिंबही बघू नका, ग्रहण टीव्हीवर बघा. टीव्ही गावात एकच, गावप्रमुखाच्या, लुराच्या घरी. आता अर्ध्या गावाला शंका, की टीव्हीच्या काचेतूनही ते किरण बाहेर येतील. म्हणून सगळे तिथे जमणार, पण टीव्हीकडे पाठ करून बसणार आणि लुरा एकटा बघून सांगणार. लुराच्या बायकोने नवऱ्याच्या डोळ्यांसाठी आत्तापासून नवस बोललाय.

लोक भिंतींच्या फटींत गवत कोंबतायत. म्हशींच्या डोळ्यांवर बांधायला पोती शिवली जातायत. मी पोरांना पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून कागदावर सूर्य कसा पाडायचा ते दाखवणार होते, तुम्ही लिहिलं होतंत तसं. परिपत्रक आलं, शाळा बंद.

गंमत म्हणजे उखळ बडवायलाही बंदी. बायका बाहेर आल्या की वर बघणार, म्हणून. गावरक्षक सांगिदू गणवेश घालून घरोघर बजावून गेला. तो तुम्हाला आठवत असेल, तुमच्याच वयाचा, ओढ्यापलीकडच्या रुकियेमबाईचा मुलगा. आईपुढे तो नेहमी फार वाकून उभा असतो, पण त्या दिवशी हुकूम सांगताना त्याला घाम फुटला. आई म्हणाली, ऐकलं बाबा. करीन असं काही म्हणाली नाही.

तुमच्या अटीबद्दल मी पुन्हा तिच्याशी बोलले नाही. बोलणार नाही. तुम्ही आम्हाला शिकवायचात, की काय झालं ते कळलं की लगेच पुढचा प्रश्न विचारा, का झालं. तुम्ही आईला एकच प्रश्न विचारलात आणि गाडीत जाऊन बसलात. एवढं लिहून थांबते, नाहीतर माझंही अक्षर वर चढेल.

मार्सियाती


१२ जून १९८३

कांग दर्सोनो,

काल ग्रहण झालं. हे पत्र उभं राहून वाचू नका, बसा.

सकाळपासून गावात माणूस दिसत नव्हता. माझा नवरा आणि मुलं लुराकडे पाठ करून बसायला गेले. मी आईजवळ थांबले. दारंखिडक्या लावून आम्ही दोघी आत. तुम्हाला आपली बांबूच्या चटयांची भिंत आठवते ना? आईने फटी बुजवू दिल्या नव्हत्या. ग्रहण लागलं आणि त्या फटींतून जमिनीवर उन्हाचे जे ठिपके पडतात, ते सगळे एका बाजूने खाल्ले गेले. साऱ्या जमिनीवर छोट्या छोट्या चंद्रकोरी. माझ्या पायावर, आईच्या लुगड्यावर, पाण्याच्या मडक्यावर. सरकारने आम्हाला बाहेर जाऊ दिलं नाही तर ग्रहण आत आलं. मी आनंदाने ओरडले. आईने ते बघितलं, चेहऱ्यावर काही न आणता उठली, कोपऱ्यातलं मुसळ घेतलं आणि दार उघडून चालू लागली.

मी मागे धावले. हाका मारल्या, दंड धरला. तिने झिडकारलं. लुराच्या कोठारामागे ते लांब उखळ आहे तिथे ती गेली आणि एकटीच बडवायला लागली. चार बायकांचं ते काम, एका मुसळाने त्यात ताल धरत नाही. नुसतंच ठक, ठक. उजेड पातळ होत चालला होता, कोंबड्या चढायला फांद्या शोधत होत्या, सगळ्या गावात तेवढाच आवाज. आणि बंद दारांआड सगळे ऐकत असणार.

सांगिदू आला. लुराने पाठवलं होतं, म्हातारीला उचलून आण म्हणून. डोक्यावरून पंचा घेतलेला, नजर जमिनीवर, पायांपुढचं तेवढं बघत चालला होता.

"म्बाह, आत चला. हुकूम आहे."

"तुला आहे ना? तू जा."

"म्बाह जुमिरा, मी हात जोडतो. मला तुमच्या अंगाला हात लावायला लावू नका."

आईने मुसळ थांबवलं नाही. म्हणाली, "तुझी आई असती तर समोरच्या बाजूला उभी राहिली असती. तिच्याबिगर ताल लागत नाही मला."

मला वाटलं आता लुराला बोलावायला जातो. त्याने डोक्यावरचा पंचा काढला, कमरेला बांधला, कोठाराच्या कुडाला टेकवलेलं दुसरं मुसळ उचललं आणि आईच्या समोर उभा राहिला. गणवेशात, बूट घालून. एक घाव तिचा, एक याचा. मग मलाही राहवेना, तिसरं मी घेतलं. कांग, मला ताल येत नाही हे तुम्हाला माहीत आहे. कसंबसं जमलं.

बडवता बडवता तो मला म्हणाला, "बाई, एक सांगायचंय."

आई म्हणाली, "गप्प बस, सांगिदू."

"आई गेल्या साली गेली, म्बाह. तिला दिलेला शब्द तिच्याबरोबर गेला. मी काही दिलेला नव्हता."

आणि त्याने सांगितलं. मी त्याच्या शब्दांत लिहीत नाही, कारण तो मधूनमधून रडत होता आणि मुसळाच्या आवाजात अर्धं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तुम्ही पोटात होता. तिन्हीसांजेला चंद्र उगवला तोच खाल्लेला. गावातल्या साऱ्या बायका, सुईणसुद्धा, उखळापाशी जमल्या. आई गरोदर, म्हणून पोटाला राख फासून तिला एकटीला घरात बसवलेलं. ओढ्यापलीकडे रुकियेम अडली होती. नवरा साखर कारखान्यावर, घरात कुणी नाही. ती ओरडत होती, पण उखळापाशी एवढा गजर, की कुणाला ऐकू जाईना. ऐकू गेलं ते जिला त्या गजरात घेतलं नव्हतं तिला. आपली आई उठली, पोटावर राख तशीच, आणि ओढा ओलांडून गेली. पोर पायांकडून येत होतं. तिने ते बाहेर काढलं, नाळ कापली, रुकियेमला जगवलं. ते पोर म्हणजे सांगिदू.

मग रुकियेमने तिचे पाय धरले. ग्रहणात जन्मलेलं पोर म्हणजे माणसं खाणाऱ्या बातारा काळ देवाचं भक्ष्य, त्याची शांत करायची तर बाहुल्यांचा खेळ बसवावा लागतो, गावजेवण घालावं लागतं. एवढं कुठून आणायचं? सासरचे तर पोराला दारात घेणार नाहीत. म्हणून आईने चंद्र पुरा सुटल्यावर सुईणीला हाक मारली आणि सांगितलं, पोर आत्ताच झालं. कुणाजवळ बोलायचं नाही, असा दोघींनी एकमेकींना शब्द दिला.

पुढे तुम्ही जन्मलात. चेहरा बघून बायका म्हणाल्या, जुमिरा, तू बाहेर पडली होतीस. कुणीतरी ओढ्याजवळ तिला बघितलंही होतं. कशाला गेली होतीस? ती म्हणाली, चंद्र बघायला.

हे सांगून होईपर्यंत सूर्य पूर्ण गेला. तेवढा वेळ वर बघितलं तर चालतं, हे मला तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून मी सांगितलं, आता बघा, काही होत नाही. सांगिदूने मान वर केली नाही. आईने मुसळ उभं टेकलं आणि वर बघितलं. भर दुपारी चांदणी दिसत होती. आई बघतच राहिली. मग म्हणाली, "असं असतं होय. त्या दिवशी बघायचं राहूनच गेलं. वेळ कुठे होता?"

मला इतकं हसू आलं आणि इतकं रडू आलं, की मी उखळावरच बसले. इतकी वर्षं गाव म्हणतंय, ही हौसेने बघायला गेली होती.

घरी आल्यावर मी तिला विचारलं, दर्सोनोला का सांगितलं नाहीस? नीट तिच्याच शब्दांत लिहिते. "लहानपणी सांगितलं असतं तर पोरांच्या भांडणात त्याने तेच नाव सांगिदूला चिकटवलं असतं. लहान पोर ते, त्याचा काय दोष. आणि मोठा झाल्यावर त्याने विचारलं, गेली होतीस का. मी म्हटलं, गेले होते. कशाला गेली होतीस, ते विचारेल म्हणून मी उभीच होते. तो बॅग भरायला गेला."

मी म्हटलं, त्याला काय लिहू?

"लिही, की पुन्हा ऐकू आलं तर पुन्हा जाईन."

तर कांग, तुमची अट काही पुरी होत नाही. ती चुकले म्हणणार नाही आणि आता मीही तिला म्हणू देणार नाही. पण ही अट तुम्ही घातली नसती तर मी इतके दिवस या गोष्टीभोवती घोटाळले नसते, आणि काल तिच्यामागे धावलेही नसते कदाचित. म्हणून त्याबद्दलही तुमचे आभारच मानते. राग आला असेल तर पत्र फाडा. पण आधी दोनदा वाचा.

मार्सियाती


२३ जून १९८३

कांग,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. तुमचं काल आलं, तारीख नऊ जूनची. म्हणजे माझं मोठं पत्र तुम्ही वाचलेलं नव्हतं. माझं चार तारखेचं, रागाचं, तेवढं वाचलेलं होतं. सगळ्या पत्रात एकच ओळ, 'आईला विचार, का गेली होतीस.' बाकी कागद कोरा.

रोजा सुटायला थोडा वेळ होता. आई केळी आणि रताळी गुळात शिजवत होती. मी तुमची ओळ वाचून दाखवली. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. मी वाचली. मग तिने पळी खाली ठेवली आणि पदर तोंडावर धरून बसली. मी जवळ गेले तर हाताने लांब केलं. मग पदराआडूनच म्हणाली, "विचारलंन." अजान झाली, सगळ्यांनी पाणी घेतलं, तिला आठवण करून द्यावी लागली.

तुम्हाला काही ठाऊक नसताना तुम्ही ते विचारलंत, कांग. मी ते कधी विसरायची नाही. आत्तापर्यंत माझं मोठं पत्रही तुमचं वाचून झालं असेल. मग हेही वाचा.

सांगिदूने ते आपल्याजवळ ठेवलं नाही. त्याच्या मुलीचं लग्न ठरलंय, वोनोसारीची माणसं आहेत, जुन्या वळणाची. आधी तो त्यांच्याकडे गेला आणि स्वतःच्या तोंडाने सांगून आला, की मी ग्रहणात जन्मलोय, शांत केलेली नाही, मोडायचं तर आजच मोडा. व्याही विचारात पडले. मग म्हणाले, आधी शांत करा, बाकी आम्हाला काही नाही. आता ईदनंतर हा मिशीवाला गडी पोराटोरांसारखा पांढरं कापड पांघरून बाहुल्यांच्या खेळापुढे बसणार. माझी मुलं आत्तापासून हसतायत.

आणि शुक्रवारी, नमाजानंतर सगळे पुरुष मशिदीच्या ओसरीवर असताना, तो उभा राहिला. माझा नवरा तिथे होता. तो म्हणतो, सांगिदूचा आवाज गावरक्षकाचा होता. त्याने सगळं सांगितलं, त्याच्या आईचं, आपल्या आईचं. मग म्हणाला, "दर्सोनोला तुम्ही ज्या नावाने हाक मारलीत ते माझं होतं. त्याच्या आईने ते माझ्या अंगावर येऊ दिलं नाही. आता ते मला द्या."

लुरा खाकरला. म्हातारे मोदिन उठले, त्यांनी सांगिदूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की या गावाने ईदची वाट न बघता जुमिराच्या दारात माफी मागायला जावं. त्या संध्याकाळपासून बायका येतायत. आई म्हणते, नुसत्या येतात आणि बसून राहतात, कामाचा खोळंबा.

पोरं ती पोरंच. दुसऱ्याच दिवशी बाजारात एकाने सांगिदूला हाक मारली, "ए गरहाना!" सांगिदूने 'ओ' दिली आणि विचारलं, काय पाहिजे? ते पोर पळूनच गेलं.

तुमच्या पुस्तकातल्या त्या पानावर यातलं काही येणार नाही, मला माहीत आहे. संस्कृत, पकडणं, सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत, एवढं बस झालं मुलांना.

काल निजताना आईने निरोप दिला, तेवढा लिहून संपवते. तुम्ही शाळेतून येताना कधी मोठ्या रस्त्याने आला नाहीत. भाताच्या बांधांवरून, केळींच्या मागून यायचात, डावा गाल शेताकडे ठेवून, कुणी बघू नये म्हणून. आई परसात उभी राहून वाट बघायची, पुढच्या दारात नाही, कारण तुम्ही पुढच्या दाराने यायचाच नाहीत.

ती म्हणाली, "त्याला लिही, बाजारातून ये. दिवसाउजेडी. मी पुढच्या दारात असेन."

मार्सियाती